एकच कॅन रेसला आणि बागेतही?

मूळ प्रश्न असा की मोटोक्रॉससाठी (कच्च्या ट्रॅकवरच्या बाइक रेस) घेतलेला उंच चौकोनी २० लिटरचा पेट्रोलचा कॅनच द्राक्षबागेतल्या ब्रशकटरला (गवत कापायच्या यंत्राला) वापरावा का. माझं मत, नको. त्याची जाड नळी बाइकची टाकी झटपट भरायला उत्तम, पण ब्रशकटरच्या एवढ्याशा तोंडात ओतताना अर्धं पेट्रोल गरम सायलेन्सरवर जातं. शिवाय अमेरिकेत असले बरेचसे कॅन 'युटिलिटी जग' म्हणून विकतात, इंधनाचा डबा म्हणून नाही. म्हणून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचाच.

मागच्या एप्रिलमध्ये दिंडोरीहून नाशिकला येताना मी काठोकाठ भरलेला कॅन पिकअपमध्ये उन्हात ठेवला. झाकण सैल करताच पेट्रोल थेट शर्टावर! तेव्हापासून वर चार बोटं जागा सोडतो. पंपावर भरतानाही कॅन खाली जमिनीवर ठेवायचा आणि नोझल त्याच्या तोंडाला टेकवायचं. पिकअपच्या प्लास्टिक मॅटवर ठेवून भरलं तर स्थिर वीज साठून ठिणगी पडू शकते. (पंपावरचा पोरगा 'काय होतंय काका' म्हणेल, म्हणू दे.)

घरी ५ लिटरचा धातूचा डबा पुरतो. टू-स्ट्रोक इंजिनचं पेट्रोल-ऑइल मिश्रण वेगळ्या डब्यात, वर खडूने तारीख. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनाभरापेक्षा जुनं मी वापरत नाही. आणि परवान्याशिवाय घरात एकूण ३० लिटरच्या वर पेट्रोल ठेवता येत नाही, म्हणजे २० चे दोन कॅन भरले की गेलातच.