अनुभव धागा: लवकर जन्मलेलं, हृदयाचा त्रास असलेलं बाळ आणि दूध पाजणं

रातराणी
शेजारच्या धाग्यावर कुणीतरी विचारलंय, 'बाळ दहा मिनिटांत झोपून जातं, आळशी आहे का?' ते वाचून सगळं पुन्हा वर आलं, म्हणून हा धागा. आळशी नाही हो, दमतं ते. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४व्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो. त्यात पीडीए (जन्मानंतर बंद व्हायची हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडीच राहणं) किंवा व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक) मोठं असेल तर फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं, श्वास आधीच भराभर चालतो. मग गिळायला थांबायचं कधी? कपाळावर घाम आला की ओळखा. २०-३० मिनिटांत थांबवायचं, उरलेलं नाकातून पोटात घातलेल्या नळीने. तासभर पाजत बसलात तर पोटात गेलेलं त्या मेहनतीतच खर्ची पडतं.

गोधडी
+१. बाळ कुशीवर, डोकं जरा वर, बाटली जवळजवळ आडवी. ३-५ वेळा ओढलं की बाटलीचा बूड खाली करा, निपल तोंडातच राहू दे. दूध मागे जातं, त्याला श्वास घेता येतो. निपल सगळ्यात कमी धारेचं. 'भोक मोठं करा, पटकन संपेल' सांगणारे भेटतात, त्यांना फक्त हसून दाखवा. बेल वाजली, येते.

आजोबा_ऑनलाइन
फोटो कसा चिकटवायचा इथे?

गोधडी
आजोबा, खाली कॅमेऱ्याचं चिन्ह आहे बघा. हां, राहिलंच: दूध श्वासनलिकेत गेलं तरी लवकर जन्मलेल्या बाळाला ठसका लागेलच असं नाही. डोळ्यांत पाणी, भुवया वर, बोटं फाकलेली, घशात घरघर, ही लक्षणं बघायची. सारखं होत असेल तर गिळण्याची एक्स-रे तपासणी करायला सांगतात.

मधली_सुट्टी
पीडीए बांधायचं ऑपरेशन झालं असेल तर रडण्याचा आवाज ऐका. स्वरयंत्राची डावी नस तिथूनच वळते, ती दुखावली तर आवाज बसका येतो आणि दूध चुकीच्या वाटेला जातं. नुसतं 'घसा बसलाय' म्हणून सोडू नका.

नळीवाली
नळीचं सांगते. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत माप. नाकाशी पेनाने खूण. प्रत्येक वेळी देण्याआधी थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर (आम्ल किती ते दाखवणारा कागद) टाका, ५.५ किंवा खाली हवा. आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर आकडा वर दिसतो, तेव्हा काय करायचं ते नर्सकडून आधीच ठरवून घ्या. हवा सोडून 'फुस्स' ऐकण्यावर विसंबू नका, नळी फुप्फुसात असली तरी तो ऐकू येतो. दूध देताना दट्ट्या काढून टाका, सिरिंज उंच-खाली करून वेग जमवा. ढकललं की उलटी. आणि नळीने देताना चोखायला चोखणी द्या, नाहीतर पुढे तोंडाला काही लावूच देत नाही.

चिमणराव_बाबा
चिकटपट्टी कितीही लावा, पठ्ठ्या उपटतोच 😄

नळीवाली
नळी गालावर सपाट चिकटवून उरलेली मानेमागे न्या दादा. हाताला लागतच नाही.

मोजपट्टी
कॅलरीचं कुणी लिहिलं नाही? आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६७, फोर्टिफायर (दूध जास्त पौष्टिक करणारी पुडी) घातल्यावर ८०च्या आसपास. अशा बाळाला किलोमागे दिवसाला १२०-१५० लागू शकतात, पण पाणी मोजूनच द्यायचं असतं, म्हणून प्रमाण न वाढवता दूध 'जड' करतात. मनाने पुडी वाढवू नका, आतड्याला झेपत नाही. पंपाने काढताना शेवटचं दूध वेगळं ठेवा, स्निग्धांश त्यात. मशीनने सावकाश देताना तोच स्निग्धांश नळीला चिकटतो, म्हणून सिरिंजचं टोक वर ठेवायचं.
वजन एकाच काट्यावर, कपडे काढून. एका रात्रीत १०० ग्रॅम वाढलं, पापण्या सुजल्या, श्वास वाढला तर पेढे नकोत, फोन करा. अंगात पाणी साठतंय.

रातराणी
@मोजपट्टी अगदी! श्वास झोपेत आणि पूर्ण मिनिटभर मोजायचा, या बाळांचा तो एकसारखा नसतो. शांत झोपेतही सतत ६०च्या वर किंवा ओठ-जीभ निळसर, तर वाट बघायची नाही.

सई_ची_आई
लसी कुठल्या वयाने? आमच्याकडे रोज वाद.

मधली_सुट्टी
जन्मतारखेने गं. वरचं खाणं मात्र करेक्टेड वय (डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजलेलं) आणि मान धरतंय का ते बघून.

चिमणराव_बाबा
लघवीच्या औषधाचं पण कुणीतरी लिहा.

नळीवाली
१ मिलीच्या सिरिंजने, चमच्याने कधीच नाही. नवी बाटली आणली की ताकद वाचा, मिग्रॅ तेवढेच पण मिली बदलतात. ओकलं तर विचारल्याशिवाय परत देऊ नका.

आजोबा_ऑनलाइन
कॅमेरा सापडला. फोटो आडवा आला.