गोवा स्वस्त म्हणणाऱ्यांनी म्हापशात खोली शोधून दाखवावी

तिठ्यावरचा बांदेकर: काल एका पुणेकरांनी लिहिलं, "महाराष्ट्रात राहणं म्हणजे खिशाला भोक. गोव्यात पेट्रोल स्वस्त, वीज स्वस्त. बिऱ्हाड हलवा." चार दिवस कळंगुटला राहिलं की असे साक्षात्कार होतात. मी राहतो महाराष्ट्राच्या हद्दीतल्या बांद्यात, नोकरी गोव्यात, म्हापशाजवळ करासवाड्याला. नऊ वर्षं रोज पत्रादेवीची सीमा ओलांडतोय. टाकी गोव्यातच भरतो, लिटरमागे सात-आठ रुपये सुटतात, खोटं कशाला बोलू? पण लग्न ठरल्यावर म्हापशात दोन खोल्या बघितल्या तर भाडं १४ हजार, वर तीन महिन्यांचं डिपॉझिट. बांद्यात अंगण आणि विहिरीसकट घर ५ हजारांत मिळालं. करा हिशेब.

पाषाणचा पाहुणा: मीच तो पुणेकर. कळंगुट नव्हे, पर्वरीत दोन वर्षं काढलीत. एसी लावूनही वीजबिल पुण्यापेक्षा कमी यायचं. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, लिटरमागे ११ रुपये उतरले. पुढे कर वाढवत नेले, तरी आपल्यापेक्षा कमीच. आणि मासळी? पुण्यात पापलेटचा भाव विचारायलाही धीर लागतो.

म्हापशेकरीण: मासळी स्वस्त?? कुठल्या गोव्यात? गेल्या शुक्रवारी बाजारात बांगड्यांचा वाटा घेतला. पूर्वी त्याच पैशांत पंधरा यायचे, आता आठ. कल्ला उचलून बघितला तर मातीच्या रंगाचा. म्हटलं, "बाय, हा कधीचा?" तर म्हणे, "घेवचो जाल्यार घे." आणि पर्वरीचे फ्लॅट विकत घेऊन वर्षभर कुलूप लावून ठेवणारे कोण? तुमच्यासारखेच. म्हणून तर भाडी चढली.

पाषाणचा पाहुणा: मी स्वतःच भाड्याने राहत होतो हो.

रापणवाला: गोंयकारांनी मासळीचं रडगाणं गाऊ नये. मालवणात लिलाव संपायच्या आत सुरमई टेम्पोत चढते आणि तुमच्या हॉटेलांत जाते. आमच्या ताटात तारली. समुद्र दारात, आणि पाहुणा आला की पोल्ट्रीवाल्याकडे पळायचं!

म्हापशेकरीण: मग विकू नका ना आम्हाला! २०१८ मध्ये मासळी टिकवायला मारलेल्या फॉर्मेलिन रसायनावरून गोव्याने बाहेरच्या मासळीच्या गाड्या अडवल्या, तेव्हा सगळ्यात मोठी बोंब तुमचीच होती.

रापणवाला: आमच्या मासळीत फॉर्मेलिन नव्हतं. मालवणहून म्हापसा किती लांब आहे? बर्फ वितळायच्या आत पोचते. दुसऱ्यांच्या पापाला आम्ही का भरायचं?

तिठ्यावरचा बांदेकर: अहो, धागा घरभाड्याचा होता.

रापणवाला: भाड्याचं काय घेऊन बसलास? तू पगार तिकडचा घेतोस आणि कौतुक इकडचं करतोस.

तिठ्यावरचा बांदेकर: इकडे कारखाना काढ, उद्या राजीनामा देतो. हौस म्हणून नाही पावसात भिजत जात. गेल्या जुलैत घसरलो, हात मोडला, दीड महिना घरी. बिनपगारी. पेट्रोलचे वाचलेले सगळे त्यात गेले. हे कोणी स्वस्ताईत धरत नाही.

म्हापशेकरीण: हे मात्र खरं. आमच्या कंपनीतली निम्मी पोरं तुमच्याकडची. पावसात उशीर झाला की हाफ डे लागतो बिचाऱ्यांना.

पाषाणचा पाहुणा: बरं, हरलो. पगाराला आणि पेट्रोलला गोवा, राहायला बांदा, जेवायला मात्र कुठेच नाही. विहिरीवालं एखादं घर असेल तर कळवा.

तिठ्यावरचा बांदेकर: शेजारचं रिकामं आहे. मालक ६ हजार म्हणतोय. तुम्ही पुण्याचे हे सांगू नका, ८ म्हणेल.