ब्राझीलचं ५० सेंतावो: दोन नाण्यांच्या वजनात फरक, एक खोटं आहे का?

प्रश्न – चिल्लरप्रेमी
ब्राझीलच्या चिल्लरमध्ये ५० सेंतावोची (१०० सेंतावो म्हणजे १ रेआल) दोन नाणी आहेत, १९९८ आणि २००८ ची. छाप तोच, व्यासही तोच, पण पहिलं काट्यावर ९.२ ग्रॅम भरतं, दुसरं ७.८. दुसरं चुंबकाला चिकटतं, पहिलं नाही. शिवाय दोन्हींची मागची बाजू उलटी येते. साच्याची चूक का? आणि ५ सेंतावोवरचा दाढीवाला कोण?

टांकसाळ_मित्र
दोन्ही अस्सल. १९९८ ते २००१ चं ५० सेंतावो तांबं-निकेलचं, ९.२५ ग्रॅम. २००२ पासून स्टेनलेस स्टीलचं, ७.८१ ग्रॅम. व्यास दोन्हींचा २३ मिमी. कडेवर 'ऑर्देम ए प्रोग्रेसो ब्राझिल' कोरलेलं दिसलं पाहिजे, भिंगाखाली बघा.

उलट्या बाजूचं म्हणाल तर, आपलं नाणं वहीच्या पानासारखं डावी-उजवीकडे उलटलं की सरळ दिसतं. ब्राझीलचं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानासारखं, खालून वर उलटायचं. तिथलं नाणं वहीसारखं उलटून सरळ दिसलं, तर ती खरी चूक, आणि संग्राहक तिला जास्त पैसे मोजतात.

कडा_आणि_छाप
दाढीवाला म्हणजे तिरादेंतिस, नावाचा अर्थ 'दात उपटणारा'. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातल्या पोर्तुगीजविरोधी कटातला हा सैनिक २१ एप्रिल १७९२ ला रिओत फासावर गेला. त्याचं हयातीतलं चित्र नाही. दाढी पुढच्या चित्रकारांनी दिलेली. शेजारी त्रिकोण आहे, तो त्या कटाचं चिन्ह, आणि त्यावर पक्षी. झिजलेल्या नाण्यावर पक्षी आधी पुसट होतो, म्हणून नाण्याची प्रत (किती झिजलंय) ठरवताना आधी तिथे बघा.

१९९४ ला रेआल चलन आलं, तेव्हाची नाणी सगळी स्टीलची आणि सगळ्यांवर प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेलं एकच स्त्रीमुख. १, ५, १० सेंतावो अनुक्रमे २०, २१, २२ मिमी. एकेका मिलिमीटरच्या फरकावर हातातली चिल्लर कोण ओळखणार! १९९८ च्या मालिकेत हे सुधारलं: ५ ला तांब्याचा मुलामा, २२ मिमी, कड गुळगुळीत; १० ला कांस्याचा, २० मिमी, कड दातेरी. डोळे मिटूनही कळतं. माझ्या मते त्या मालिकेतली सर्वात उत्तम गोष्ट हीच.

१ सेंतावोवर पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल आहे. एप्रिल १५०० मध्ये ब्राझीलला लागलेलं त्याचं आरमार पुढे त्याच वर्षी कालिकतला पोचलं. २००४ नंतरच्या सालाचं १ सेंतावो मिळणार नाही, पाडणंच थांबवलं.

टांकसाळ_मित्र
एक राहिलं. २०१२ चं 'शून्य नसलेलं' ५० सेंतावो महाग विकतात. त्यात ५० च्या कोऱ्या चकतीवर एका बाजूला ५ सेंतावोचा साचा पडलाय. नकली करणारे साध्या नाण्यावरचं शून्य घासून काढतात. तसं असेल तर ५ चा आकडा डावीकडेच राहतो आणि उजवीकडच्या पृष्ठावर तिरक्या प्रकाशात ओरखडे चमकतात. अस्सलमध्ये तिथली मूळ चकाकी शाबूत असते. वजन दोन्हींचं जवळपास सारखंच भरतं, त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबू नका.

चिल्लरप्रेमी
आभार, दोन्हींच्या कडेवर अक्षरं आहेत. तांबडी ५ सेंतावो चिंचेने घासू का?

कडा_आणि_छाप
अजिबात नको. आत पोलाद आहे. पातळ मुलामा आम्लाने उघडा पडला की कडेपासून गंज धरतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत फारच लवकर. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, मऊ कापडाने टिपा, घासू नका. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर येतो.