मदत हवी आहे: चार महिन्यांत तीनदा संडास तुंबला. नक्की काय टाकायचं आणि काय नाही?

जुळेसोलापूरकरीण

विषय जेवताना वाचण्यासारखा नाही, आधीच सांगते.

जुळे सोलापुरात आमचं दोन मजली घर आहे. खाली आम्ही: सासू-सासरे, नवरा, मी, आठवीतली लेक आणि तिचा धाकटा भाऊ. वर नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली भाड्याने राहतात. आमच्या गल्लीत ड्रेनेज लाइन अजून आलेली नाही, त्यामुळे घराचा सेप्टिक टँक. सोळा वर्षांत त्याने कधी तोंड वर काढलं नव्हतं. दिवाळीनंतर मात्र तीनदा तुंबला. तिसऱ्यांदा तर रविवारी सकाळी, सासऱ्यांना बघायला अक्कलकोटचे पाहुणे आलेले असताना. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, पलंगावरच असतात, त्यामुळे येणं-जाणं चालूच आहे. खालच्या संडासात पाणी ओतलं की खाली जायचं सोडून काठापर्यंत येऊन उभं राहायचं.

मिस्त्रींनी चेंबर उघडून सळई घातली आणि जे निघालं ते अंगणात मांडून ठेवलं. वाइप्सचे बोळे, सॅनिटरी पॅड, इअरबड आणि केस-सुताची चक्क वेणी, हातभर लांब. वर गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "वहिनी, सळई काय करणार ओ, घरातलंच कुणीतरी टाकायलंय की हे!" सासूबाई उठून आत गेल्या. पाहुणे पंख्याकडे बघत बसले.

सुताचं कोडं लगेच सुटलं. सासूबाई दुपारी टॉवेलच्या दशा वळायचं काम घरी करतात, तुकडे झाडून केरसुणीनेच संडासात लोटतात. बाथरूममधले केसही तिथेच. पण पॅड? मला वाटलं, वरच्याच मुली, दुसरं कोण! रागाच्या भरात वर गेले आणि त्यांच्या संडासाच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवून आले: "यात काहीही टाकू नये." त्यातली एक शांतपणे म्हणाली, "काकू, काहीही म्हणजे?" मला उत्तर आलं नाही.

म्हणून इथे विचारतेय. टाकलेलं नक्की काय चालतं? पाकिटावर "फ्लशेबल" लिहिलेले वाइप्स तरी चालतात ना? पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून सासूबाईंनी फ्लशच्या टाकीचा कॉकच बंद करून ठेवलाय. कपड्यांचं पाणी बादलीत धरून मगाने टाकतो. त्याचा काही संबंध असेल का? आणि मुलींना हे न दुखावता कसं सांगू? मिस्त्री म्हणतात टँकही भरलाय, "पोराला आत उतरवतो, हजार रुपये जादा द्या." मी अजून हो म्हटलेलं नाही.

निवांत_नाना

पुण्यात आम्ही वीस वर्षं सगळं फ्लश करतोय. काही होत नाही. सोलापूरकर उगाच बाऊ करतात.

भीमाकाठ

ओ नाना, होत नाही म्हणजे तुम्हाला दिसत नाही. तुमचं मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत आणि उजनीतून आमच्या नळाला येतंय. तेही चार दिवसांआड. जरा बघून फ्लश करा की.

निवांत_नाना

मागे घेतो.

उतार_चाळीस

मी सांगलीचा, निवृत्त सिव्हिल. घरांच्या ड्रेनेजमध्येच आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सेप्टिक टँकला लोक खड्डा समजतात. तो खड्डा नाही, तिथे चोवीस तास काम चालू असतं. जड गाळ तळाशी बसतो, तेल आणि साबणाची साय वर धरते, मधलं पाणी पुढच्या शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू खातात. त्यांना जे खाता येत नाही ते टँक उपसेपर्यंत तिथेच पडून राहतं. त्यामुळे त्या मुलीला उत्तर सोपं आहे: मल, मूत्र, पाणी आणि कुणी वापरत असेल तर टॉयलेट पेपर. पाचवी वस्तू नाही.

वाइप्सबद्दल. टॉयलेट पेपरचे तंतू आखूड असतात, पाण्यात पडल्यावर सुटे व्हावेत म्हणूनच तो तसा करतात. नेहमीचा वाइप हा कागद नसतोच, पॉलिएस्टरसारख्या धाग्यांचं न विणलेलं कापड असतं. "फ्लशेबल"चा अर्थ भांड्यातून खाली जातो, एवढाच धरा. गोटीसुद्धा जाते. खोटं वाटत असेल तर दोन बरण्यांत पाणी घ्या, एकीत टॉयलेट पेपर, दुसरीत वाइप, झाकण लावून दहा मिनिटं हलवा. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात चरबी आणि वाइप्सचा २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. आणि तिथे पाणी रोज येतं.

पॅडचं त्याहून वाईट. आत जी पावडर असते ती आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते. पाइपमध्ये पॅड अडकलं की तिथेच फुगतं आणि बूच बसतं. केस आणि सूत एकटे असते तर कदाचित निघून गेलेही असते, पण अडकलेल्या वस्तूला ते दोर बांधल्यासारखे गुंडाळतात. तुमची वेणी अशी झाली.

आता मगाबद्दल. मगाने टाकलेलं पाणी भांडं धुतं, मैला पुढे ढकलत नाही. भांडं स्वच्छ दिसतं आणि ऐवज आडव्या पाइपात बसून राहतो. चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो, जुन्या घरांत जमीन खचून तोही राहिलेला नसतो. नव्या फ्लशला सहा लिटर पुरतात, कारण ते सहा लिटर एकदम येतात. कपड्यांचं पाणी जरूर वापरा, पण अर्धी बादली एका दमात, वरून ओता. सासूबाईंना सांगा, मगाने पाणी वाचत नाही. सहा मग टाकून मिस्त्रीला बोलवायचं, त्यात काय वाचलं?

अ‍ॅसिड ओतू नका. वाइप त्याने विरघळत नाही, जिवाणू मात्र मरतात. आणि अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर तर कधीच नको, विषारी क्लोरीन सुटतो.

आता माझे दोन प्रश्न. वरच्या संडासाचा पाइप नेमका कुठल्या चेंबरला येऊन मिळतो? आणि दिवाळीनंतर *खालच्या* मजल्यावर काय बदललं?

ताकभात

आमच्या गावाकडे महिन्यातून एकदा गूळ आणि आंबट ताक टाकतात. टँक जिवंत राहतो म्हणे.

उतार_चाळीस

ताक प्या, गूळ शेंगांबरोबर खा. टँकला लागणारे जिवाणू आपण रोज फुकट पुरवतो.

कडकभाकरी

उरलेली आमटी, चहाचा चोथा हे? मोरी तुंबते म्हणून आमच्याकडे संडासात ओततात.

उतार_चाळीस

म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला. चोथा झाडाला घाला. आमटीवरचा तेलाचा कट पाइपला आतून चिकटतो, थंडीत तर मेणासारखा. जुन्या गोळ्या-औषधंही नकोत, ती पाण्यात मिसळून पुढे कुठे जातात ते वर भीमाकाठ यांनी सांगितलंच आहे.

साखरपेठेची_लेक

सगळ्यांनी पाइप सांगितला. मी त्याच्या आधीचं सांगते.

आमच्या माहेरी बाथरूममध्ये कचऱ्याचा डबा नव्हता. "तिथे कसला कचरा?" असं आजी म्हणायची. स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकायची सोय नाही, कारण तो भाऊ रिकामा करायचा. पॅड कागदात गुंडाळून दप्तरात ठेवायचं आणि शाळेच्या वाटेवर कुठेतरी टाकायचं, असं मी दोन वर्षं केलंय. एकदा कुत्र्याने ते बोळकांडात ओढून फाडलं. त्या दिवसापासून मी फ्लश करायला लागले. मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. तो एकच दरवाजा होता ज्याला आतून कडी होती.

तेव्हा ताई, पाटी लावण्याआधी बघा, तुमच्या दोन्ही संडासांत झाकणाचा डबा आहे का. घनकचऱ्याच्या नियमांतच साफ लिहिलंय की पॅड, डायपर नीट गुंडाळून द्यायचं. पुण्यात कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढतात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. काळी पिशवी नको. काळी पिशवी म्हणजे त्यात काय आहे हे गल्लीभर जाहीर, आणि उचलणाऱ्यालाच तेवढं कळत नाही.

भीमाकाठ

आणि त्या हजार रुपयांचं. ताई, कुणालाही आत उतरवू नका, फुकट उतरतो म्हणाला तरी. टँकमध्ये जो वायू साचतो त्याचा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाकच मरतं आणि वासही कळत नाही. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. रकमेकडे बघू नका, ती का वाढवावी लागली ते बघा. सक्शनची गाडी बोलवा, पाइप आत जाईल, माणूस बाहेर राहील. झाकण उघडल्यावर लगेच वाकून बघू नका, जवळ काडी ओढू नका. पोरांना घरात ठेवा.

उतार_चाळीस

अगदी. आणि टँक दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. तुम्ही शेवटचा कधी उपसलात?

जुळेसोलापूरकरीण

लेक झाली तेव्हा. म्हणजे तेरा वर्षं झाली. लिहितानाच लाज वाटतेय.

आठवड्याने येतेय, कारण सांगण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं अर्धं माझ्याच विरुद्ध.

काकांनी विचारलं म्हणून नवऱ्याला घेऊन अंगणातली दोन्ही झाकणं उघडली. वरून लेकीने बादलीभर पाण्यात हळद घालून ओतली (ही युक्ती नवऱ्याची, तेवढं श्रेय देते). पिवळं पाणी थेट दुसऱ्या चेंबरला आलं. तुंबलं होतं ते पहिलं. पहिल्या चेंबरला फक्त आमचा खालचा संडास जोडलेला आहे. म्हणजे त्या चार मुलींचा यात काडीचाही संबंध नव्हता.

मग दिवाळीनंतर काय बदललं? सासऱ्यांचं ऑपरेशन दिवाळीच्या तोंडावर झालं. त्यांचं अंग पुसायला वाइप्स मीच आणते, मीच वापरते आणि मीच टाकत होते. "फ्लशेबल" वाचून. इथे प्रश्न विचारतानासुद्धा माझ्या डोक्यात ते आलं नाही, यावर घरात कुणी विश्वास ठेवत नाहीये. बरण्यांचा प्रयोग केला. कागदाचं दोन मिनिटांत पिठलं झालं. वाइप अजून ओट्यावरच्या बरणीत आहे, पाच दिवस झाले, धुऊन परत वापरता येईल असा.

आणि पॅड. साखरपेठेची_लेक, तुमचं लिहिलेलं मी लेकीला वाचायला दिलं आणि भाजी निवडत बसले. ती वाचून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, डबा आजोबांच्या पलंगाखाली असतो. मी त्यांच्यासमोर जाऊन टाकू का?" खरंच तिथेच असतो, औषधांची रिकामी पाकिटं टाकायला सोयीचा म्हणून मीच ठेवलाय. तिला पाळी सुरू झाली ती गणपतीत. मी तिला पॅड कसं लावायचं ते दाखवलं होतं. काढल्यावर त्याचं काय करायचं, हे सांगितलंच नव्हतं.

संडासात डबा ठेवायला सासूबाई तयार होणार नाहीत, असं मी धरूनच चालले होते. मी वाद घालायच्या तयारीने गेले तर त्या म्हणाल्या, "मंगळवारी बाजारात जाशील तेव्हा पायाने उघडणारा आण. वाकायला लागू नये." त्यातच आता दशांचे तुकडेही जातात. मगाची सवय मात्र सुटलेली नाही. अर्धी बादली एकदम ओतताना बघितलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, पाणी मोजून वापरत आयुष्य गेलंय त्यांचं. सध्या मी ओतते.

सक्शनची गाडी शुक्रवारी येऊन गेली. मिस्त्रींना हजार रुपयांचं सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं वहिनी, पोरगा भाचाच आहे माझा." मला यावर काय बोलावं कळलं नाही.

शनिवारी वर जाऊन मुलींची माफी मागितली. त्यांनी चहा केला. त्यांच्याकडे झाकणाचा डबा पहिल्यापासून आहे, जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्याही करून ठेवलेल्या. कागद मी माझ्या हाताने काढला, पण घाईत सनमायकाच्या दारावर चिकटपट्टीचे चार काळे डाग राहिलेत. ते कशाने निघतील? कृपया अ‍ॅसिड सांगू नका.

निवांत_नाना

खोबरेल तेल लावून तासभर ठेवा, मग फडक्याने पुसा. आणि ते फडकं संडासात टाकू नका.