येमूल आडनावाचे मूळ गाव कसे शोधावे? सोलापूरच्या पद्मशाली कुटुंबांकडून व तेलुगू जाणकारांकडून मदत हवी आहे

नमस्कार. आमचे आडनाव येमूल. साखर पेठेत आमची ही चौथी पिढी. घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी, असेच आम्ही वाढलो. वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त वंशावळ लिहायला घेतली तेव्हा लक्षात आले की पणजोबांच्या मागचे एकही नाव आम्हाला खात्रीने सांगता येत नाही. पणजोबा हातमागाच्या कामासाठी तेलंगणातून सोलापुरात आले, एवढे सर्वांना ठाऊक आहे. ते कोणत्या गावातून आले, हे मला शोधायचे आहे.

हाती आलेला सर्वांत जुना कागद म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाचा शाळेचा दाखला. त्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात केवळ ‘मोगलाई’ असे लिहिलेले आहे. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि तेलंगण निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे दाखला लिहिणाऱ्या मास्तरांना तेवढा शब्द पुरेसा वाटला असावा. परंतु त्या काळी तुळजापूरही मोगलाईतच होते आणि वरंगळही, त्यामुळे या नोंदीवरून गावाचा माग लागत नाही. घराच्या मोडीतील खरेदीखतात आडनाव ‘यमुल’ असे आहे, तर एका लग्नपत्रिकेत ‘वेमुल’. या शेवटच्या रूपामुळेच मी आडनावाच्या अर्थाकडे वळलो.

तेलुगूत ‘वेमु’ म्हणजे कडुनिंब. तेलंगणच्या बोलीत शब्दारंभीचा ‘वे’ पुष्कळदा ‘ये’सारखा उच्चारला जातो, वेमुलवाड्याला तिकडची माणसे ‘येमुलाडा’च म्हणतात. शेवटचा ‘आ’ मराठी कानाने गाळला असावा, कारण ‘गाजुला’चे गाजूल आणि ‘सादुला’चे सादूल झालेले आपण सोलापुरात पाहतोच. तेलुगूतील ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचे नाव, माणसाच्या नावाआधी येते आणि पुष्कळदा षष्ठीच्या रूपात असते: ‘गाजुला’ म्हणजे बांगड्यांचा, ‘वेमुला’ म्हणजे निंबांचा. मराठी पद्धतीप्रमाणे तेच नाव शेवटी गेले आणि त्यातला ‘चा’ कुणाला ऐकू येईनासा झाला. हे उमगले तेव्हा मला खरोखर आनंद झाला, कारण लहानपणापासून हे आडनाव मला अर्थ नसलेले वाटत आले होते.

तरीही मुख्य प्रश्न सुटलेला नाही. हे नाव दारातल्या झाडांवरून पडले की गावावरून? आमच्या घरात वेमुलवाड्याच्या राजन्नाला ‘कोडे मोक्कु’, म्हणजे गोऱ्ह्याचा नवस, बोलण्याची रीत आहे, आणि त्यामुळे काका आमचे गाव वेमुलवाडाच असल्याचे ठामपणे सांगतात. मला हा पुरावा अपुरा वाटतो. तो नवस तेलंगणातील असंख्य कुटुंबे बोलतात, शिवाय गावावरून नाव पडले असते तर ‘वाडा’चा काही अंश त्यात उरला असता, असे माझे मत आहे. नलगोंडा जिल्ह्यात वेमुलपल्लीही आहे, आणि सोलापूरच्या पद्मशालींमध्ये करीमनगरकडची तशीच नलगोंड्याकडचीही कुटुंबे आहेत.

पणजोबा वाडी जंक्शनला गाडी बदलून आले, असे आजी सांगत असे. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला, म्हणजे त्यांचे येणे त्यानंतरचे. १८७७ मध्ये आपली जुनी मिल उभी राहिली. गिरणीचे सूत इथेच मिळू लागल्यावर हातमागवाल्यांचा ओढा सोलापूरकडे वाढला असावा. मात्र पणजोबा मिलमध्ये लागले की थेट कुणाच्या मागावर बसले, याविषयी घरात दोन मते आहेत.

ज्यांनी आपल्या घराण्याचा असा शोध घेतला आहे, त्यांनी कृपया मार्ग सांगावा. सोलापूर नगरपालिका १८५२ पासूनची आहे. तिची जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरे पाहायला मिळतात का, आणि त्यांत मूळ गावाचा उल्लेख कुणाला आढळला आहे का? हैदराबादला तारनाका येथील पुराभिलेखागारात संस्थानी काळातील गावनिहाय कागद शोधायचे झाल्यास उर्दू-फारसी वाचणाऱ्याची सोबत लागेल का? वेमुलवाडा पूर्वी करीमनगर जिल्ह्यात होते आणि २०१६ पासून राजन्ना सिरसिल्ला जिल्ह्यात आहे, त्यामुळे चौकशी कोणत्या कचेरीत करावी याबाबतही माझा गोंधळ आहे.

सर्वांत जास्त आशा मला कुनपुलींकडून वाटते. चेरियालच्या चित्रकारांनी रंगवलेले लांब पट उलगडून मार्कंडेय आणि भावनाऋषींची कथा पद्मशालींपुढे गाणारे हे लोक. ते पूर्वी सोलापुरात येत असत का, आणि त्यांना घराण्यांची गोत्रे व गावे पाठ असत का, हे पेठेतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर अवश्य लिहावे. भिवंडी, सुरत आणि नगर येथील येमूल किंवा वेमुल कुटुंबांनी आपले गोत्र व माहीत असलेले गाव कळवल्यास मला तुलना करता येईल. आमचे गोत्र मी निरोपातून कळवीन, आणि खरेदीखताची छायाचित्रेही पाठवीन.

वडिलांना प्रवास झेपतो आहे तोवर त्यांना त्या गावी घेऊन जायचे आहे.