मदत हवी आहे: ठेवी चार बँकांत वाटल्या, पण त्या बँकाच एकमेकींत गुंतलेल्या असतील तर?

नमस्कार. नागपुरातल्या एका पगारदार नोकरांच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी आहे. कर्जवाटप करून उरलेला पैसा आम्ही चार नागरी सहकारी बँकांत मुदत ठेवीत ठेवलाय. सभेत विषय निघाला की "चार ठिकाणी वाटलाय, काळजी नाही" म्हणतात आणि पुढचा विषय घेतात. मला हे पटत नाही.

२००२ मध्ये नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद जिल्हा बँकांचे पैसे होम ट्रेड या रोखे-दलाल कंपनीत अडकले. बँका तीन, दलाल एकच! २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक कोसळली, तिच्यात गुजरातेतल्या कितीतरी छोट्या सहकारी बँकांच्या ठेवी होत्या. २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप.) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे पैसे काढण्यावरचे निर्बंध आले तेव्हाही बऱ्याच पतसंस्थांचे आणि छोट्या बँकांचे पैसे आत राहिले.

माझी खरी काळजी बँक बुडण्याची नाही, त्याच्या आधीची आहे. समजा आमच्या चारपैकी एका बँकेची स्वतःची ठेव दुसऱ्या बँकेत अडकली. आमची ही बँक चालूच राहील, पण रोकड हाताशी असावी म्हणून नवीन कर्जं थांबवेल, व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिटची (धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची) मर्यादा कमी करेल. तिच्यावरच निर्बंध आले तर आमची ठेव मोडता येणार नाही, आणि जून महिन्यात मुलाच्या फीसाठी आकस्मिक कर्ज मागायला आलेल्या सभासदाला आम्ही काय सांगायचं? ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच, आमची रक्कम त्याहून कितीतरी जास्त. बँकांच्या आपसातल्या ठेवींना तर तोही नाही.

नागरी बँकेला ठेवी ठेवताना इतर सगळ्या बँकांत मिळून स्वतःच्या ठेवींच्या २० टक्के आणि एका बँकेत ५ टक्के अशी मर्यादा आहे, हे वाचलंय. पण चारही बँका मर्यादेत राहून एकाच पाचव्या बँकेत पैसे ठेवत असतील, किंवा एकाच बिल्डरला मिळून कर्ज देत असतील, तर आमची वाटणी कागदावरचीच झाली ना?

ताळेबंदात "इतर बँकांतील शिल्लक" एका आकड्यात दिसते. त्यामागची नावं कुठे मिळतील? ठेवीदार म्हणून लेखी मागितली तर बँका देतात का? आणि व्याज कमी मिळालं तरी, सहकार कायद्यात बसेल तेवढा पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत हलवावा का? बँकेत किंवा लेखापरीक्षणात काम केलेल्यांनी कृपया सांगावं. पुढच्या सभेत मला हा विषय लेखी मांडायचाय.