पीएम किसानचा हप्ता पोर्टलवर 'जमा', पासबुकात मात्र नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आई गावी असते, वाशीम जिल्ह्यात. वडील गेल्यावर 2017 मध्ये वारसनोंद होऊन अडीच एकर शेती तिच्या नावावर लागली. पीएम किसानचे आणि नंतर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही हप्ते तिच्या गावच्या बँकेतल्या खात्यात यायचे. गेल्या वर्षापासून दोन्ही दिसेनासे झालेत. पोर्टलवर ई-केवायसी, लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार सीडिंग (खात्याला आधार जोडणं) सगळ्यापुढे 'येस', आणि हप्ता जमा झाल्याचंही दाखवतंय. बँकवाले म्हणतात कृषी कार्यालयात विचारा, तिथे गेलं की बँकेकडे बोट. मी पुण्यात नोकरीला, सारखी रजा मिळत नाही.

त्यात लाडकी बहीणचे दीड हजार यायचे ते आता पाचशेच येतात. ते पोस्टातल्या खात्यात येतात, पोस्टमन घरी येऊन अंगठा घेतो नि पैसे देतो. हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं आहे का?

सातबारावाला:
पोस्टातलं खातं लाडकी बहीणसाठीच 2024 मध्ये उघडलं ना? मग पैसे तिथेच असणार. हप्ता आधारवर पडतो, नोंदणीत दिलेल्या खाते क्रमांकावर नाही. आधार एका वेळी एकाच बँकेला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेलं राहतं. नवीन खात्याला जोडलं की जुनं आपोआप सुटतं. आमच्या गावात निम्म्या बायकांचं हेच झालंय. माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, ओटीपी आईच्या मोबाइलवर येईल. किंवा सरळ पोस्टमनला शिल्लक विचारायला सांगा.

विदर्भकन्या:
पाचशेचं कारण वेगळं आहे, ती चूक नाही. पीएम किसानचे वर्षाला 6000, नमोचे 6000, म्हणजे महिन्याला हजार झाले. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजारापेक्षा कमी मिळत असेल तर लाडकी बहीणमधून फक्त फरक देतात. उरले पाचशे. जमीन बाईच्या नावावर असली की हा असा हिशेब! नवऱ्याच्या नावावर असती तर दोन्ही पूर्ण आले असते.

धागाकर्ता:
सापडले! पोस्टाच्या खात्यात सगळे हप्ते पडून आहेत. आई पोस्टमनकडे दर वेळी लाडकी बहीणचेच तेवढे मागत होती. धन्यवाद दोघांनाही. आता आधार परत गावच्या बँकेला जोडून घेऊ का? आईला तिथे जायची सवय आहे.

सातबारावाला:
त्या बँकेत पीककर्ज आहे का? थकीत असेल तर हप्ता आला की होल्ड लावतात, म्हणजे पैसे काढू देत नाहीत. लावू नये असं वरून सांगितलेलं असतं, तरी लावतात. शिवाय आधार हलवलं की लाडकी बहीणही तिकडेच जाईल, एक इथे एक तिथे असं करता येत नाही.

धागाकर्ता:
कर्ज आहे, आणि यंदा नवं-जुनं (जुनं फेडून नवं उचलणं) केलेलं नाही. मग पोस्टातच राहू देतो. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढायचा राहिलाय, तो सीएससीवर, म्हणजे गावच्या सेवा केंद्रावर, होतो ना?

सातबारावाला:
होतो. आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) घेऊन आईला स्वतः जायला सांगा. सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव आधी जुळवून बघा, नाहीतर तिथेच अडेल.